पलटण कुणाच्या बाजूची?

मागच्या अंकात रोमचा सेनापती सुल्ला स्वतःच्याच राजधानीवर फौज घेऊन चालून गेला, त्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. आपल्या जिल्ह्यात भावकीत एक तरी फौजी असतोच, त्यामुळे लोकांनी पोटतिडकीने लिहिलं आहे. मी आधी सैन्याच्या शिक्षण विभागात हवालदार होतो, जवानांना शिकवायचो. नंतर कोल्हापुरात कॉलेजात इतिहास शिकवला. या विषयावर कुणी काही विचारलं की मला गप्प बसवत नाही. पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, ते लांबणारच होतं.

प्रश्न : सर, तुमचा लेख वाचून पुढचं वाचलं आणि डोकं चक्रावलं. सीझरच्या खुनानंतर तीच पलटण आज त्याचा सरदार अँटनीची, उद्या त्याचा दत्तक वारस ऑक्टेव्हियनची, मध्येच सिनेटची, म्हणजे राज्य चालवणाऱ्या उमरावांच्या सभेची. हे सैनिक विकाऊच होते ना? आणि जिथे राजा नाही, दरवर्षी कॉन्सल, म्हणजे राज्याचे दोन प्रमुख, निवडून येतात, अशा राज्यात असलं सैन्य तयार झालंच कसं?
*– सीडीएस या लष्करी अधिकारी भरतीच्या परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी, उचगाव*

विकाऊ म्हणून मोकळा होऊ नकोस. पैसे त्यांनी घेतले, हे खरंच आहे. पण ते सेनापतीकडूनच का घ्यावे लागले, हा प्रश्न आधी विचार.

रोमचा जुना सैनिक शेतकरी होता. ज्याच्या नावावर काही मालमत्ता आहे त्यालाच पलटणीत घेत. मोहीम संपली की तो घरी येऊन नांगर धरायचा. लढाया इटलीत होत होत्या तोवर हे निभलं. पुढे स्पेन, आफ्रिका, ग्रीस इथल्या मोहिमा वर्षानुवर्षं चालू लागल्या. इकडे शेत पडीक, डोक्यावर कर्ज, आणि शेजारचा धनदांडगा जमीन गिळायला टपलेला. पलटणीत घ्यायला लायक शेतकरी कमी पडू लागले. इ.स.पू. १०७ मध्ये कॉन्सल मारियसने आफ्रिकेतला राजा जुगुर्था याच्याविरुद्धच्या युद्धासाठी भूमिहीनांची भरती सुरू केली. गरिबाला पलटणीची वाट मोकळी झाली, त्यात वाईट काही नव्हतं. पण मोहीम संपल्यावर हा माणूस जाणार कुठे, याचा विचार सिनेटने केला नाही. त्याला परतायला शेतच नव्हतं, आणि म्हातारपणी पोसणारी पेन्शन रोमच्या प्रजासत्ताकात नव्हती. प्रत्येक मोठ्या मोहिमेनंतर सेनापतीने आपल्या माणसांना जमीन मिळावी म्हणून वेगळा कायदा करून घ्यायचा आणि सिनेटमधल्या जमीनदारांनी त्याला आडवं जायचं, अशी रीतच पडली.

सेनापती पाँपेचं उदाहरण मी वर्गात नेहमी द्यायचो. पूर्वेकडचा मुलूख जिंकून तो इ.स.पू. ६२ मध्ये ब्रुंडिसियमच्या बंदरावर उतरला. सगळ्या रोमला धास्ती होती की हाही सुल्लासारखा चालून येणार. त्याने मात्र कायद्याप्रमाणे फौज मोकळी केली आणि सैनिकांना घरी धाडलं. मग त्यांच्यासाठी जमीन मागितली, तर सिनेटने ती अडवून ठेवली. अखेर इ.स.पू. ५९ मध्ये सीझर कॉन्सल झाला, त्याने धाकदपटशा करून कायदा रेटला, तेव्हा जमीन मिळाली. यातून इटलीतला प्रत्येक सैनिक काय शिकला असेल? आपला सेनापती नियमाने वागला तर आपण उपाशी, आणि दांडगाईने वागला तर पदरात काहीतरी पडतं. ज्या राज्याने आपल्या सैनिकाला हे शिकवलं, त्याला पुढे निष्ठेबद्दल ओरडायचा अधिकार उरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सुल्लाकडे ये. इ.स.पू. ८८. पूर्वेच्या मोहिमेची सरदारकी कॉन्सल म्हणून सुल्लाला मिळालेली, फौज इटलीतल्याच नोलाजवळ तळ देऊन बसलेली. तिकडे रोममध्ये सल्पिसियस नावाच्या ट्रिब्यूनने, म्हणजे सामान्य लोकांच्या निवडलेल्या प्रतिनिधीने, लोकांकडून ठराव करून घेतला आणि मोहीम म्हाताऱ्या मारियसच्या हाती दिली. सैनिकांना वाटलं, मारियस आपली माणसं भरती करणार, आशियातली लूट त्यांना आणि आपण रिकामे. फौज ताब्यात घ्यायला मारियसने पाठवलेले अधिकारी छावणीत आले, त्यांना सैनिकांनी दगडांनी ठेचून मारलं. पुढचा तपशील नीट बघ. सुल्लाने ‘चला रोमवर’ म्हटल्यावर त्याचे वरचे अधिकारी, एक क्वेस्टर, म्हणजे खजिन्याचा अधिकारी, सोडला तर, सगळे त्याला सोडून गेले. साधे शिपाई मात्र गेले नाहीत. अधिकाऱ्यांच्या शहरात हवेल्या होत्या, गावोगाव मळे होते, रोमच्या कायद्यात त्यांची गुंतवणूक होती. शिपायाची सगळी आशा त्या एका मोहिमेवर होती.

हे तुला परकं वाटत असेल तर गडहिंग्लजकडे जाताना सामानगडावर चढ. १८४४ मध्ये तिथल्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले आणि करवीर दरबाराचा हुकूम मानायला नकार दिला. पाठोपाठ भुदरगड उठला, लोण पन्हाळ्यापर्यंत गेलं. ही माणसं पिढ्यान् पिढ्या छत्रपतींची गडराखण करत होती, आणि त्याबदल्यात गडाखालच्या जमिनी कसून खात होती. इंग्रजांच्या पाठिंब्याने कारभारी झालेल्या दाजी कृष्ण पंडिताने त्या जमिनींचा कारभार गडाच्या अधिकाऱ्यांकडून काढून मामलेदारांकडे दिला. आज कारभार गेला, उद्या जमीन जाणार आणि परवा हातातलं हत्यार, हे गडकऱ्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांना फितूर म्हणायची कोल्हापुरात कुणाची छाती होणार नाही. मग नोलाच्या छावणीतल्या भूमिहीनाला एवढ्या सहज विकाऊ कसं म्हणायचं?

आता तुझी मूळ शंका, बाजू बदलण्याची. सीझरचा खून झाला त्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ४४ च्या शरदात, मॅसिडोनियातून आलेल्या पलटणी ब्रुंडिसियमला उतरल्या. कॉन्सल अँटनी त्यांच्यापुढे गेला आणि माणशी चारशे सेस्टर्स (रोमची नाणी) देऊ केले. सैनिक तोंडावर हसले. कारण तिकडे कांपानियात एकोणीस वर्षांचा ऑक्टेव्हियन सीझरच्या जुन्या सैनिकांना माणशी दोन हजार देत होता. त्या काळी शिपायाचा वर्षाचा पगार नऊशे सेस्टर्स होता, म्हणजे दोन वर्षांच्या पगाराहून जास्त. अँटनीने चिडून सेंच्युरियन, म्हणजे तुकड्यांचे नायक, धरधरून मारले. व्हायचं तेच झालं. मार्शिया नावाची पलटण आणि पाठोपाठ चौथी पलटण अँटनीला सोडून ऑक्टेव्हियनकडे गेली.

इथवरचं सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापुढे सिनेटने जे केलं ते मला जास्त गंभीर वाटतं. या दोन पलटणींनी निवडून आलेल्या कॉन्सलला सोडून, ज्याला कसलाच सरकारी अधिकार नाही अशा पोराचा पक्ष धरला होता. आणि नामांकित वक्ता सिसेरोने सिनेटमध्ये उभं राहून त्यांची स्तुती केली, त्यांनी प्रजासत्ताक वाचवलं म्हणाला. अँटनी देशाचा शत्रू आहे, तेव्हा त्याचा हुकूम मोडणं हीच निष्ठा, असा त्याचा युक्तिवाद. सिसेरोबद्दल मला आदर आहे, प्रजासत्ताकासाठी त्याने शेवटी मान दिली. तरीही ही घोडचूक होती. कॉन्सल खरा कोण आणि शत्रू कोण, हे शिपायाने ठरवावं असं एकदा सिनेटनेच मान्य केल्यावर तो पुढच्या वेळी सिनेटला विचारायला थांबणार नव्हता.

थांबला नाहीच. इ.स.पू. ४३ च्या वसंतात मुटिनाजवळ अँटनी हरला. आपलं काम झालं असं सिनेटला वाटलं. सैनिकांना कबूल केलेलं मोठं बक्षीस निम्म्यावर आणायचा घाट घातला. वाटपासाठी दहा जणांची समिती नेमली, तीत ऑक्टेव्हियनला घेतलं नाही. सेनापतीला टाळून थेट सैनिकांशी बोलणी करायला माणसं पाठवली, तर सैनिकांनी त्यांचं ऐकून घ्यायलाच नकार दिला. सेनापतीला मध्ये न घेता राज्याने सैनिकाशी नातं जोडावं, हे तत्त्व बरोबर होतं. पण साठ वर्षांहून जास्त काळ कानाडोळा केल्यावर, आणि तेही बक्षीस कापायच्या दिवशी ते आठवलं, तर कोण विश्वास ठेवणार?

मग सेंच्युरियनांचं शिष्टमंडळ रोमला आलं. मागणी एकच, ऑक्टेव्हियनला कॉन्सल करा. सिनेट चाचरतंय असं दिसल्यावर कॉर्नेलियस नावाच्या सेंच्युरियनने अंगावरचा झगा मागे सारून तलवारीची मूठ दाखवली आणि म्हणाला, तुम्ही नाही केलंत तर ही करेल. आठ पलटणी शहरावर आल्या. १९ ऑगस्टला, अजून विशीही न गाठलेला तो मुलगा कॉन्सल झाला.

याच वर्षी मे महिन्यात दक्षिण गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सात, सीझरचाच जुना सरदार लेपिडस याची फौज अँटनीसमोर उभी होती. मध्ये एक लहान नदी. दोन्हीकडे सीझरच्या हाताखाली एकत्र लढलेली माणसं. ती एकमेकांशी बोलू लागली, नदीवर येणं-जाणं सुरू झालं, आणि लेपिडसची फौज अँटनीला जाऊन मिळाली. तीन वर्षांनी ब्रुंडिसियमला अँटनी आणि ऑक्टेव्हियन समोरासमोर आले, तेव्हाही जुन्या सैनिकांनीच लढायला नकार देऊन दोघांना समेट करायला लावला. तेव्हा केवळ पैशाने सगळं उलगडत नाही. शेजारी उभ्या राहिलेल्या गड्यावर तलवार उचलायची नाही, ही एक निष्ठा त्यांच्यात शेवटपर्यंत होती. प्रजासत्ताकाला मात्र त्या निष्ठेत जागा मिळाली नाही.

या सगळ्यात माझा जीव तुटतो तो तिसऱ्याच माणसासाठी. सैनिकांना जमीन देण्यासाठी इटलीतली अठरा भरभराटीची शहरं काढून ठेवली होती. त्या शहरांभोवतीच्या शेतकऱ्यांनी काहीही गुन्हा केला नव्हता. त्यांच्या पिकत्या जमिनी मोजून सैनिकांना वाटल्या. ज्या शेतकऱ्याच्या बळावर रोमची पलटण उभी राहिली होती, त्यालाच शेवटी पलटणीने बेघर केलं.

आणि याचं उत्तर अवघड नव्हतं. इ.स. ६ मध्ये ऑगस्टसने, म्हणजे याच ऑक्टेव्हियनने, सैनिकांसाठी स्वतंत्र खजिना उघडला. सुरुवातीला स्वतःचे सतरा कोटी सेस्टर्स घातले, पुढे वारशावर पाच टक्के आणि लिलावातल्या विक्रीवर एक टक्का कर लावून तो भरत ठेवला. शिपाई सेवा संपवून निघाला की ठरलेले बारा हजार सेस्टर्स त्याच्या हातावर. सिनेटला हे शंभर वर्षं आधी करता आलं असतं. केलं ते सम्राटाने, आणि सैनिक सम्राटाचा झाला. परीक्षेत ‘रोमन प्रजासत्ताकाच्या ऱ्हासाची कारणं’ आलं की दहा मुद्दे लिही, पण हा पहिला लिही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या सहलीत पन्हाळ्यावर मुलं विचारतात, धनाजी जाधवांनी ताराराणींना ऐनवेळी का सोडलं? दूधभाताची शपथ घेऊनसुद्धा? मी काय सांगावं?
*– एक शिक्षिका, पन्हाळा तालुका*

ताई, मुलांना खरं ते सांगा, त्यांना झेपतं.

औरंगजेब १७०७ मध्ये नगरला वारला आणि मोगलांनी शाहू महाराजांना सोडलं. ताराराणींनी सात वर्षं छातीचा कोट करून राज्य राखलं होतं. मोगलांच्या छावणीत वाढलेला हा मुलगा तोतया आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि धनाजी जाधव व परशुरामपंत प्रतिनिधी यांना फौज देऊन पाठवलं. दूधभातावर हात ठेवून सरदारांकडून शपथ घेतली, असं सांगतात. भीमेकाठी खेडला ऑक्टोबरमध्ये दोन्ही फौजा भिडल्या आणि धनाजी शाहूंना मिळाले. प्रतिनिधी शपथेला धरून लढले आणि हरले.

धनाजींच्या बाजूने एवढं म्हणता येतं की समोर थोरल्या घराचा वारस उभा होता, संभाजी महाराजांचा मुलगा. तो खराच आहे अशी त्यांची खात्री पटल्यावर त्याच्यावर तलवार उचलायची कशी? गादी एक आणि हक्कदार दोन, अशा वेळी शपथ घेणारा माणूस कात्रीत सापडतो. आणि मुलांचं लक्ष जात नाही ती गोष्ट तुम्ही दाखवा. धनाजींबरोबर त्यांची फौजही गेली, कारण त्या फौजेला पगार आणि घोडं धनाजी देत होते, सातारा नव्हे आणि पन्हाळाही नव्हे. त्यांचा मुलगा चंद्रसेन १७११ मध्ये शाहूंशी बिनसल्यावर ताराराणींकडे आला आणि पुढे निजामाकडे गेला, तेव्हाही त्याची माणसं त्याच्यामागेच गेली. शिवाजी महाराज सैनिकाला रोख पगार देण्यावर भर का देत होते आणि वतनं का टाळत होते, ते या प्रसंगानंतर मुलांना आपोआप कळेल.

धनाजींना गद्दार म्हणू नका. पण ताराराणींच्या बाजूने उभं राहूनही एकदा ही गोष्ट सांगा, तेवढा मान पन्हाळ्यावर त्यांचा आहेच.

प्रश्न : जर्मनीतही १९१९ नंतर प्रजासत्ताक होतं, सैनिक संविधानाची शपथ घेत होते. मग ते हिटलरचे कसे झाले? शपथेला काही अर्थच नसतो का?
*– एक वाचक, इचलकरंजी*

शपथेला अर्थ असतो. जर्मनीत आधी तो आतून पोखरला गेला आणि नंतर शब्दच बदलले.

व्हर्सायच्या तहाने जर्मनीचं सैन्य एक लाखावर आणलं होतं. अधिकारी बहुतेक जुन्या कैसरचे, म्हणजे सम्राटाचे. त्यांनी नव्या संविधानाची शपथ घेतली, पण ती प्रजासत्ताकासाठी मरण्याइतकी मनापासून नव्हती. मार्च १९२० मध्ये एरहार्ट ब्रिगेड ही माजी सैनिकांची तुकडी बर्लिनमध्ये घुसली, काप नावाच्या माणसाने स्वतःला प्रमुख जाहीर केलं. सरकारने सैन्याला बंड मोडायला सांगितलं, तर वरिष्ठ सेनानींनी आपल्याच लोकांवर गोळी झाडायला नकार दिला. सरकार बर्लिन सोडून पळालं. ते बंड कामगारांच्या सार्वत्रिक संपाने काही दिवसांत मोडलं. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच रूर भागात कामगार उठले तेव्हा हेच सैन्य गोळ्या झाडायला तयार होतं. कुठल्या बंडावर बंदूक रोखायची ते सैन्य स्वतः निवडू लागलं, तिथेच शपथ पोकळ झाली.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. त्या प्रजासत्ताकाने १९२१ च्या कायद्याने सैनिकाचा मताधिकार स्थगित ठेवला होता. हेतू असा की सैन्य राजकारणापासून दूर राहावं. राहिलं का? १९३० मध्ये उल्मच्या रेजिमेंटशी संबंधित तीन तरुण अधिकाऱ्यांवर सैन्यात नाझी प्रचार केल्याचा खटला लाइपझिगला चालला, आणि तिथे साक्षीला हिटलर आला होता. मत काढून घेतल्याने माणसाचा राजकीय विचार जात नाही, तो फक्त चोरवाटेने येतो.

२ ऑगस्ट १९३४ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारले. त्याच दिवशी देशभर सैनिकांना उभं करून नवी शपथ दिली. तीत संविधान नव्हतं. अडॉल्फ हिटलर या माणसाचं नाव घेऊन बिनशर्त आज्ञापालनाचं वचन होतं. पुढे युद्धात कित्येक अधिकाऱ्यांनी ‘आम्ही शपथेने बांधलेले होतो’ म्हणून हात वर केले.

बेळगावला कसम परेडच्या आधी रंगरूटांना शपथेचा अर्थ समजावून सांगायचं काम माझ्याकडे असायचं. राधानगरीकडच्या एका पोराने विचारलं, “उस्ताद, शपथेत सीओ साहेबांचं नाव घ्यायचं का?” सीओ म्हणजे पलटणीचा कमांडिंग ऑफिसर. मी त्याला कागद दाखवला. संविधानाशी खरी निष्ठा ठेवीन, जमिनीवरून, समुद्रातून किंवा हवेतून जिथे हुकूम होईल तिथे जाईन, राष्ट्रपतींचे आणि माझ्यावर नेमलेल्या अधिकाऱ्याचे हुकूम जिवावर बेतलं तरी पाळीन. पूर्ण कागदावर एकाही माणसाचं नाव नाही. राष्ट्रपतींचंसुद्धा नाही, फक्त पद. त्या पोराने कागद दोनदा वाचला आणि पाठ करायला घेऊन गेला. जर्मनीबद्दल शिकवताना मला दरवेळी तो कागद आठवतो.

प्रश्न : आमचे आजोबा राजाराम रायफल्समध्ये होते. आधी छत्रपतींचे शिपाई, मग भारत सरकारचे. त्यांना हे जड गेलं असेल का?
*– एक वाचक, शिवाजी पेठ*

मनातलं मी कसं सांगू? पण घडलं ते असं. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. संस्थानी फौजांमधल्या योग्य ठरलेल्या माणसांना भारतीय सैन्याने सामावून घेतलं. राजाराम रायफल्सची एकोणिसावी मराठा लाइट इन्फंट्री झाली. वर्ष उलटायच्या आत, २६ जानेवारी १९५० ला, देश प्रजासत्ताक झाला. म्हणजे तुमच्या आजोबांनी थोड्याच काळात तीन मालक पाहिले, आणि शेवटचा मालक राजाही नव्हता, सेनापतीही नव्हता.

हे गोळी न झाडता पार पडलं, त्याचं मोठं कारण मला असं दिसतं की पलटण मोडून माणसं वाऱ्यावर सोडली नाहीत. भाषा तीच, गावचे गडी तेच, आणि ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही रणगर्जनाही छत्रपतींच्याच नावाची. आजोबांचं सर्व्हिस बुक किंवा पदकं घरात असतील तर जपून ठेवा आणि जमलं तर त्यांचे फोटो मला पाठवा. संस्थानी फौजेतून आलेल्या साध्या शिपायांची लेखी माहिती फार थोडी उरली आहे.

प्रश्न : नातू फौजेत आहे. निवडणुकीत त्याने एका नेत्याचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवला, तर सीनियरने बोलावून काढायला लावला. मत द्यायचा हक्क आहे, मग बोलायचा का नाही? आम्ही पेन्शनर तर गावात उघड प्रचार करतो.
*– निवृत्त सुभेदार, सैनिक टाकळी*

सुभेदारसाहेब, तुमच्या गावाने देशाला किती जवान दिले ते साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तुम्हाला मी काय शिकवणार? पण नातवासाठी लिहितो.

सीनियरने योग्य केलं. संविधानाच्या कलम ३३ ने संसदेला अधिकार दिला आहे की सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर, शिस्त राखण्यापुरत्या, मर्यादा घालाव्यात. त्यावरून १९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम २१ आलं. राजकीय संघटनेत जाणं, राजकीय सभेत किंवा निदर्शनात भाग घेणं यावर बंधन आहे. स्टेटस म्हणजे घरातली खासगी गोष्ट आहे असं पोरांना वाटतं. पण सेक्शनमधल्या दहा जणांच्या फोनवर तो फोटो दिसतो, त्यात दुसऱ्या पक्षाला मानणारेही असतात, आणि उद्या त्यांनाच एकमेकांना कव्हर द्यायचं असतं. त्याहून मोठी गोष्ट अशी की सरकार बदललं तरी पलटणीला काहीच बदललंय असं वाटता कामा नये. १९७७ मध्ये दिल्लीत पहिल्यांदा सत्तेतला पक्ष हरला, तेव्हा बराकींत रोजची परेड रोजच्या वेळेला झाली. शेजारच्या पाकिस्तानात त्याच वर्षी जुलैमध्ये लष्करप्रमुखाने पंतप्रधानाला अटक केली. हा फरक मी नातवांना पुन्हा पुन्हा सांगतो, तुम्हीही सांगा.

आपल्या देशाने जर्मनीसारखं मत मात्र काढून घेतलं नाही, याचा मला अभिमान आहे. सैनिक विचार करतो, मत देतो, आणि ते लखोट्यात ठेवतो.

तुमचं स्वतःचं वेगळं. तुम्ही पेन्शनीवर आलात, तुम्ही नागरिक आहात. पक्षात जा, प्रचार करा, निवडणूक लढवा, तुम्हाला कुणाची आडकाठी नाही. माझी एक विनंती आहे, नियम म्हणून नव्हे, जुन्या हवालदाराची म्हणून. व्यासपीठावर जाताना पदकं घरी ठेवा. ती पलटणीने दिली आहेत, आणि पलटणीत सगळ्या पक्षांना मानणाऱ्या घरची पोरं आहेत.

आता नातवाच्या मताचं. तो सेवा मतदार म्हणून नोंदला आहे का ते आधी पाहा. सैन्यातल्यांसाठी नमुना २ चा अर्ज असतो आणि तो युनिटमार्फत जातो. नोंद गावच्या पत्त्यावर होते. मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने येते, ती छापून, मत नोंदवून पोस्टाने परत पाठवायची. नातसून त्याच्यासोबत क्वार्टरमध्ये राहत असेल तर तिचीही नोंद सेवा मतदार म्हणून करता येते. आणि तो सीमेवर असताना टपाल वेळेवर पोचेल याचा भरवसा नसेल, तर नमुना १३-एफ भरून तो गावातल्या विश्वासाच्या माणसाला आपल्या वतीने मतदान केंद्रावर पाठवू शकतो. हा माणूस तिथल्याच मतदारसंघातला असावा लागतो. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका, हे काम आत्ताच उरका.